शेवटच्या गाण्यातलं हसू

मिरान भुयारी बाजारातून चालली होती. एका हातात मुळ्यांची पिशवी, दुसऱ्या हातात नवऱ्याचे टाच बदलून आणलेले बूट, मफलर नाकापर्यंत ओढलेला. आणि उजव्या हाताच्या कुठल्याशा दुकानातून ती स्वतःच हसली. म्हणजे ती हसली नव्हती, तिचं तोंड तर मफलरमध्ये बंद होतं. पण हसू तिचंच होतं. नाकात सुरू झालेलं, तिथे दाबलेलं, आणि दाबल्यामुळेच घशातून फुटून बाहेर आलेलं, एवढंसं, आखूड, लगेच गिळून टाकलेलं. मागून येणारी बाई तिच्यावर आदळली आणि रस्त्यात काय उभ्या राहता म्हणून पुटपुटत पुढे गेली. मिरान उभीच. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात, टेपवर ऐकला तर भलत्याच कुणाचा वाटतो म्हणतात. हा मात्र तिला लगेच ओळखू आला, कारण गेली एकेचाळीस वर्षं ती तो मनात ऐकतच होती. आता ‘झाडू घेऊ हाती’ ही ओळ येईल, असं तिचं मन म्हणालं, आणि आलंच. मग दुसरं कडवं, मग अ‍ॅकॉर्डियनचं ते लांबलेलं शेपूट, मग सुईची नुसती खरखर. त्रेसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, हातात मुळे असताना आपण पकडले गेलो, असं तिला वाटलं.

दुकान जुन्या रेकॉर्डींचं होतं. सेऊलमधल्या नामदेमुनच्या बाजारातून बसथांब्याकडे जायचं तर वर रस्त्यात बोचरा वारा, म्हणून वीस वर्षं ती खालूनच जात होती, आणि वीस वर्षं या दुकानांच्या रांगेकडे तिने मान म्हणून वळवली नव्हती. खाई त्याला खवखवे. आज मान वळली, आणि पायही वळले. आत पन्नाशीचा एक माणूस, केसांची शेंडी बांधलेली, बोटं कापलेले हातमोजे घातलेले, एका तबकडीवरची धूळ पुशीत होता. सोक त्याचं नाव. या मावशी, हीटरजवळ उभ्या राहा, म्हणाला, आणि ती गिऱ्हाईक नाही हे कळत असूनही बोलत सुटला. अशा माणसांना ऐकणारं कुणी तरी लागतंच. देजनला एका कापडवाल्याने दुकान बंद केलं, त्याच्या माळ्यावरून एक खोकं आलं, त्या खोक्याच्या तळाशी ही. त्या काळचा टीव्हीवरचा विदूषक बान चिल्दोक, त्याची नाताळची रेकॉर्ड. सगळी दुनिया समजत होती की एकही प्रत उरलेली नाही. बाजारात आली आणि दहाव्या दिवशी उचलली गेली, दळून टाकली गेली. त्याने तिच्यातलं एक गाणं इंटरनेटवर टाकलं तर लोक वेडे झाले. आता ती नव्याने निघते आहे, सोमवारी वेष्टण छापायला जाणार.

“ते हसू ऐकलंत ना, मावशी? त्यानेच बुडाली ही. आणि कमाल बघा, पुरुषाने काढलंय ते.”

“पुरुषाने?”

“चिल्दोकदादांनी. बायकांच्या हसण्याची नक्कल हा तर त्यांचा हातखंडा. असं दाबून हसणं खऱ्या बाईला जमायचं नाही.”

हं, म्हणाली मिरान. दारावर एक कागद चिकटवलेला होता, त्यावर लाल टोपी आणि कापसाची दाढी लावलेला चाळिशीचा चिल्दोक, आणि खाली मोठ्या अक्षरात: शनिवारी दुपारी तीन वाजता स्वतः येणार. स्वतः. म्हणजे जिवंत होता. मिरानने कधी चौकशी केली नव्हती. गेला असेल बिचारा, असं धरून चालली होती, आणि खरं सांगायचं तर ते सोयीचंही होतं. मेलेल्या माणसाला तोंड दाखवावं लागत नाही.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती बसली आणि तिच्या बोटांना टाइपरायटरच्या कळा आठवल्या. मनाच्या आधी बोटांना आठवतं. त्या वर्षी ती एकवीस-बावीसची होती, रेकॉर्ड काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत टायपिस्ट, सगळे तिला मिस फ्यो म्हणत. प्रत्येक गाण्याचे शब्द चार प्रतींत टाइप करून सरकारच्या तपासणी कचेरीत पाठवायचे, तिथून लाल पेन्सिलीच्या खुणा होऊन परत यायचे, मग पुन्हा चार प्रती. नाताळ जवळ आला की गर्दी, कारण तेव्हा ज्याला त्याला नाताळची रेकॉर्ड काढायची असे. टीव्हीवरचे विदूषक तर हमखास. गळा असलाच पाहिजे असं नव्हतं. दोन गाणी, मध्ये चार विनोद, पुन्हा गाणं, आणि घराघरात पोरं ती झिजेपर्यंत वाजवत. चिल्दोकच्या रेकॉर्डवर सांताबुवा सेऊलमध्ये येतो आणि त्याला कुठल्याच घरात शिरता येत नाही, कारण घरं तापवायला इथली धुराडी जमिनीखालून जातात. बिचारा कोळशाच्या वड्यांच्या रांगेत उभा राहतो. संचारबंदीच्या आत घरी पोचायला धावतो, असाही एक तुकडा होता, तो लाल पेन्सिलीने गेला. मिरानने तो चार प्रतींत टाइप केला होता आणि त्या जागेला एकटीच हसली होती. तेव्हा ती हसत असे, खळखळून, तोंडावर हात न धरता. आई म्हणायची, अगं, कौलं उडतील.

आणि सगळ्यात शेवटी ते गाणं. त्या काळी कुठलीही रेकॉर्ड असो, शेवटी एक सद्वर्तनाचं गाणं घातल्याशिवाय शिक्का मिळत नसे. आधी प्रेमभंग असो, नाच असो, नाताळ असो. शेवटी लवकर उठा, गल्ली झाडा, शेजाऱ्याला नमस्कार करा. कुणी ऐकत नसे, तिथवर आली की लोक सुई उचलत. कंपन्याही त्यात जीव घालत नसत. शाळेतल्या पोरांनी गायलेली एक तयार टेप असायची, तीच प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटी जोडून द्यायची. तिच्या कंपनीची टेप त्या वर्षी जोडून जोडून इतकी झिजली होती की पोरं पाण्याखाली गात आहेत असं वाटे. निर्माता वैतागला. स्टुडिओचा वेळ अजून वीस मिनिटं होता, वाजवणारे जागेवर होते, म्हणाला आपणच गाऊन टाकू, सगळे या. सॅक्सोफोनवाला यी, ढोल वाजवणारा, अ‍ॅकॉर्डियनवाला, खालच्या कॉफीघरातून थर्मास घेऊन आलेली मुलगी, कंपनीचा ड्रायव्हर. पण शब्द कुणालाच येईनात. रोज ज्याच्या त्याच्या रेकॉर्डवर असणारं गाणं, आणि पहिल्या ओळीपुढे एकाचीही गाडी सरकेना. शेवटी कुणी तरी म्हणालं, मिस फ्योला बोलवा, तिने ते साठ वेळा टाइप केलंय. अशी ती त्या खोलीत आली, हातात कागद न घेता, पाठ.

मिरानच्या डोळ्यांपुढे ती खोली अजून जशीच्या तशी होती: भिंतींवर अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले, मधोमध लोंबणारा माईक, कॉफीचा वास. दोन दिवस चिल्दोकने सगळ्यांना हसवून हसवून बेजार केलं होतं. बकरीसारखा ओरडला होता, बर्फावरून घसरला होता, तीन वेगवेगळ्या बायका होऊन हसला होता. आणि या गाण्याला तो उभा राहिला तो एकदम ताठ. हात विजारीच्या शिवणीला चिकटलेले, हनुवटी वर, डोळे समोरच्या भिंतीवर, पहिलीतलं पोर प्रार्थनेला उभं राहतं तसा. एक शब्द वाकडा नाही, एक भुवई वर नाही. इतक्या मनापासून तो ‘गल्ली आपली, देश आपला’ म्हणत होता की मिरानच्या पोटात खालून काही तरी वर चढायला लागलं. तिने जीभ चावली, मेलेल्या आजोबांना आठवलं, जमिनीवरच्या वायरी मोजल्या. काही उपयोग झाला नाही. ‘झाडू घेऊ हाती’च्या आधी जो अर्धा श्वास असतो, तेवढ्या फटीतून ते निसटलं. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. सगळे समोर बघत गातच राहिले. काचेपलीकडून निर्मात्याने अंगठा वर केला, झालं म्हणाला, आणि सगळ्यांना भाताचं गरम सूप प्यायला घेऊन गेला. मिरान सूप नुसतं ढवळत बसली. पण मग वाटलं, ऐकतंय कोण? त्या गाण्यापर्यंत येतंच कोण?

आलं कुणी तरी. दहाव्या दिवशी तपासणी कचेरीतली दोन माणसं आली, एकसारखे करडे कोट घातलेली, आणि त्यांनी साहेबांच्या खोलीत ती रेकॉर्ड थेट शेवटच्या गाण्यापासून वाजवली. सद्वर्तनाच्या गाण्यात हसलंय कोण? नुसतं हसलं, की कुणाला हसलं? बाहेर सगळा स्टाफ अळीमिळी गुपचिळी. आता सांगते, या क्षणाला सांगते, असं मिरान स्वतःशी म्हणत होती. तिने तोंड उघडलंही होतं. आणि तेवढ्यात जिन्यावरून चिल्दोक आला, टोपी काढली, आणि मी हसलो म्हणाला. पुरावा म्हणून तिथेच हसून दाखवलं, बाईचं दाबलेलं हसू, असं हुबेहूब की दोघांतल्या एकाचा ओठ थरथरला आणि त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग निवेदन लिहून द्यावं लागलं. ते टाइप कोण करणार? मिस फ्यो. ‘सदर हसण्याचा आवाज मीच काढला असून त्यास अन्य कोणीही जबाबदार नाही.’ कार्बन घालून, चार प्रती. एकही चूक न करता तिने ते टाइप केलं, आणि चिल्दोकने सही करताना तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भित्री, भित्री, भित्री, असं ती रोज रात्री पांघरुणात स्वतःला म्हणत राहिली. रेकॉर्डी दुकानांतून परत आल्या, कारखान्यात त्यांचा भुगा झाला, आणि त्या भुग्यातून पुढच्या वर्षीच्या रेकॉर्डी निघाल्या. चिल्दोक टीव्हीवरून गेला तो गेलाच. पूर्वेकडे समुद्रावर कुठे तरी सुक्या माशांचं दुकान घातलंय असं कानावर आलं. वसंतात मिरानने नोकरी सोडली. आणि हसायचंच झालं तर दोन्ही हातांनी तोंड झाकून, खांदे हलवून, आवाज न करता, अशी जी सवय लागली ती लागली. सासरचे म्हणाले, सून मोठी शालीन आहे.

घरी तिचा नवरा इन्ग्यू बूट उलटेपालटे करून नव्या टाचा पाहत बसला. नावांचे शिक्के कोरण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला प्रत्येक गोष्ट डोळ्याजवळ धरायची सवय. मुळ्याचं सूप वाढलं, किमची ठेवली, आणि तो नेहमीचा विनोद सांगायला लागला, वाघ आणि सासूचा, पस्तीस वर्षं सांगत आलेला; तर मिरान मध्येच म्हणाली, अहो, थांबा जरा. आणि सांगून टाकलं. अंड्यांचे पुठ्ठे, झाडू, करडे कोट, चार प्रती, सगळं. सांगताना रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. उलट सूप गार होतंय याची काळजी वाटत राहिली. इन्ग्यूने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, “हेवोनची आई, म्हणजे तू आवाज करून हसतेस?”

“हसत होते.”

“पस्तीस वर्षं मी डोकं फोडून घेतोय. मला वाटलं माझे विनोदच वाईट.”

“ते वाईटच आहेत हो,” मिरान म्हणाली. तो मान हलवत राहिला, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला की जायला हवं. माणूस ऐंशी पार असणार. त्याच्या पोटावर तू पाय दिलास की नाही दिलास, ते त्याच्या तोंडून ऐकून ये. इथे मुळे चिरत किती वर्षं त्याचा निवाडा करत बसणार? तो इतकं शहाणपणाचं फार क्वचित बोलत असे, त्यामुळे तिला ते ऐकावं लागलं.

चार दिवस तिने वाक्य तयार केलं. भाजी निवडताना, जिना झाडताना, शेजारणीशी बोलतानासुद्धा आत ते वाक्य चालूच. ‘बान साहेब, एक्याऐंशी सालच्या त्या प्रसंगी’ असं सुरू करायचं, की ‘आपल्याला स्मरत असेल’ असं? दोन्ही ऐकताना निवेदनासारखी वाटत. त्याने तोंड फिरवलं तर? दुकान बुडालं असेल, बायको सोडून गेली असेल, तर? आणि त्याहून वाईट म्हणजे तो म्हणाला, मला तेव्हाच माहीत होतं, तर? सहीच्या वेळी त्याने पाहिलं नव्हतं ते त्यासाठीच, असं तिला कधीपासून वाटत आलं होतं. पण मध्येच, मुळ्याच्या चकत्या पाडताना, दुसरंच काही तरी डोकं वर काढी: सोकच्या दुकानात ऐकलेलं ते हसू. किती छान होतं ते. किती ताजं. ती मुलगी कोण होती कुणास ठाऊक, पण भारी होती. असं मनात आलं की मिरान स्वतःला दटावून पुन्हा वाक्याकडे वळायची.

शनिवारी ती पेअरची पेटी कापडात बांधून घेऊन गेली. क्षमा मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत. भुयारात पन्नासएक माणसांची रांग होती, बहुतेक विशी-तिशीची पोरं, गळ्यात हेडफोन अडकवलेली, ज्यांच्या आईबापांची लग्नंही त्या साली झालेली नव्हती. सोकने तिला ओळखलं, मावशी पुढे या म्हणाला, पण ती रांगेतच राहिली. पुढे जायला तिला अजिबात घाई नव्हती. दुकानाच्या दारात टेबल टाकून तो बसला होता. छोटा झाला होता. लाल टोपी मागे सरकलेली, कानात यंत्र, उन्हाने भाजलेला तपकिरी चेहरा, आणि पोरांनी पुढे केलेल्या कागदांवर जीभ दातात धरून सह्या करत होता. एका मुलीने ते हसू करून दाखवा म्हटलं तर म्हणाला, दात नवे आहेत बाई, त्यांना अजून शिकवलेलं नाही. रांग हसली. मिरान सवयीने तोंडावर हात न्यायला गेली, पण हातात पेटी होती.

“नाव?” त्याने मान वर न करता विचारलं.

चार दिवसांचं वाक्य कुठल्या कुठे गेलं. “दादा,” ती म्हणाली, “ते हसू माझं होतं.”

पेन थांबलं. त्याने आधी पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पेटीकडे. “पेअर का?”

“हो.”

“ठेव. यीने सफरचंदं आणली होती.”

तिला काही कळेना. त्याने पायाने एक स्टूल पुढे ढकललं, बस म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला. मिस फ्यो, म्हणाला मग, टाइप करणारी. तू राहिलीच होतीस. आणि पोरांना थांबवून, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, माशांच्या दुकानात बोलायची सवय, त्याने सांगितलं. सॅक्सोफोनवाला यी दोन वर्षांनी समुद्रावर आला होता, गुडघे टेकून रडला होता, दादा ते हसू माझं होतं, मला कबूल करायची हिंमत झाली नाही. त्याला समजावून, मासे बांधून देऊन परत पाठवला. मग ऑलिंपिकच्या उन्हाळ्यात कॉफीघरातली मुलगी आली, कडेवर पोर आणि हातात केकचा डबा घेऊन, तीसुद्धा तेच. ड्रायव्हर आला. ढोलवाल्याने मरताना मुलाला पाठवलं, बाबांचा निरोप आहे म्हणून, त्याने खेकडे आणले होते, पण ते तिथेच मिळतात. अ‍ॅकॉर्डियनवाल्याचं पत्र आलं, अमेरिकेहून, अकरा पानी.

“म्हणजे माझं नव्हतं?” मिरानने विचारलं.

“ते मला काय माहीत? मला तर वाटत होतं माझंच.”

“पण तुम्ही तर आमच्यासाठी अंगावर घेतलंत.”

“मी काय देव आहे?” चिल्दोक म्हणाला. “मी ताठ उभा होतो ते कशाने, असं वाटलं तुला? दात आवळून धरले होते, अंगातून घाम फुटला होता. जरा हललो असतो तर फुटलोच असतो. आणि रेकॉर्ड ऐकली तेव्हा म्हटलं, गेलं, निसटलं. तुझ्याकडे बघायचीही लाज वाटत होती मला त्या सहीच्या वेळी. सगळ्यांच्या नोकऱ्या माझ्या एका हसण्यावर टांगल्या म्हणून.”

हा माणूस सहीच्या वेळी लाजत होता, आणि तिने त्या खाली घातलेल्या मानेवरून आपल्या हसण्यावर कायमचं कुलूप लावलं होतं. त्या अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या खोलीत सात माणसं समोर बघत, जिवाच्या आकांताने हसू दाबत उभी होती, आणि सातही जणांनी घरी जाऊन तेच एक हसू आपापल्या उशाशी घेतलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि छातीवरचं ओझंही उतरलं. तिने विचारायचं ते विचारून टाकलं: तुमचं नुकसान? झालं, तो सरळ म्हणाला. दोन वर्षं संध्याकाळी शेजाऱ्यांचा टीव्ही लागला की तो उठून समुद्रावर जाऊन बसायचा. बायकोने तिथल्या तिथे मासे वाळवायला काही दोऱ्या बांधल्या, बसलाच आहेस तर पलटत राहा म्हणाली. मग गिऱ्हाइकं यायला लागली, ती मासे घेऊन हसत जायची, आणि हळूहळू त्याला टीव्हीची आठवण येईनाशी झाली. नंतर एकदा बोलावणंही आलं होतं. तेव्हा माशांचा हंगाम होता.

हे ऐकून मिरानला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण त्याच्याखाली आणखी काही तरी वळवळत होतं, आणि ते काय आहे हे कळल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. तिला राग आला होता. यी? तो सॅक्सोफोनवाला, ज्याला हसताना खोकला यायचा? आणि ती कॉफीवाली, जिचं हसू कावळ्यासारखं होतं? त्यांनी खुशाल समुद्रावर जाऊन तिच्या हसण्यावर हक्क सांगितला, वर मासे बांधून घेतले?

“नाही,” ती म्हणाली. “ते माझंच आहे. वाजवा ते.”

सोकने तबकडी ठेवली, सुई शेवटच्या गाण्यावर आणली. रांग पुढे सरकून दाराशी गोळा झाली. अ‍ॅकॉर्डियन सुरू झालं, मग ते सातजण, वेगवेगळ्या पट्टीत, शिस्तीत, आणि त्यांच्यात एका मुलीचा पातळ आवाज, जिला एकटीला सगळे शब्द येत होते. चिल्दोक यंत्रावर हात धरून ऐकत होता. अर्धा श्वास आला, आणि हसू फुटलं.

“माझं,” मिरान आणि चिल्दोक एकदमच म्हणाले.

पोरं खिदळली. पुन्हा वाजवलं, पुन्हा दोघं एकदम. तिसऱ्यांदा मिरान बोललीच नाही. ‘झाडू’ यायच्या आधीच तिच्या नाकात काही तरी जमलं, तिने ते दाबलं, आणि दाबल्यामुळेच ते फुटलं, आणि या वेळी तिने ते गिळलं नाही. भुयारभर गेलं. पलीकडची नाण्यांच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. तिचं हसू आता जाडसर झालं होतं, मध्ये मध्ये खरखरत होतं, त्या मुलीचं राहिलं नव्हतं. पण सुरुवात तीच, नाकातली. सोकने सुई उचलली आणि तो कधी तिच्याकडे, कधी तबकडीकडे पाहत राहिला. चिल्दोकने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि टक्कल खाजवलं. यीला फार वाईट वाटेल, म्हणाला. तो नव्वदीत अजून ठणठणीत आहे, भांडायला येईल.

“येऊ दे,” मिरान म्हणाली.

सोकने वेष्टणाचा मागचा मजकूर काढला. सोमवारी छापायला जाणार होता. त्यावर खालून दुसऱ्या ओळीत होतं, हसू: बान चिल्दोक. त्याने विचारलं, आता इथे काय करू? चिल्दोक म्हणाला, सगळ्यांचं म्हण, कशाला वाद. मिरानने तो कागद आपल्याकडे ओढला, टेबलावरचं पेन घेतलं, त्याचं नाव एका सरळ रेघेने खोडलं आणि त्याच्यावर टायपिस्टच्या सुबक अक्षरात लिहिलं: फ्यो मिरान.

चिल्दोक वाकून वाचत होता. “आणि ती करड्या कोटातली दोघं आली तर?”

मिरानने पेन ठेवलं नव्हतं. “मग पत्तासुद्धा छापा,” ती म्हणाली, आणि लिहायला लागली.